यमुनाच्या तोंडातलं पाणी

अर्नाळ्याच्या यमुनाची नात स्टेजवर चढली, तेव्हा यमुना पहिल्या रांगेत बसली होती. ती रांग पाहुण्यांसाठी राखीव होती हे तिला दोनदा सांगून झालं होतं. पण जिची नात कोळीण होऊन येणार तिच्याहून मोठा पाहुणा कोण, हा तिचा प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर शाळेतल्या कुणाकडेच नव्हतं.

बोळिंजच्या शाळेचं स्नेहसंमेलन होतं. ज्युनिअर केजीच्या पोरांची वेशभूषा स्पर्धा. उन्नतीला लुगडं यमुनानेच नेसवलं होतं, अगदी खरं, गुडघ्यापर्यंत घट्ट आवळून. डोक्यावर इवलीशी टोपली, टोपलीत थर्माकोलची पापलेटं. आईने, म्हणजे यमुनाच्या सुनेने, ऋतिकाने, तिच्याकडून दोन वाक्यं पाठ करून घेतली होती. पोरीने ती खणखणीत म्हटली आणि टाळ्या पडल्या. इथवर सगळं छान चाललं होतं.

परीक्षक म्हणून आलेल्या बाई हौशी निघाल्या. त्यांनी गंमत म्हणून माइक उन्नतीपुढे धरला आणि पापलेट कसं दिलं म्हणून विचारलं. उन्नतीने भाव सांगितला. बाई म्हणाल्या, इतकं महाग? निम्म्यात दे की. आता हे वाक्य उन्नतीने रांगत होती तेव्हापासून ऐकलेलं, आणि त्यावरचं उत्तरही. तिने एक हात कमरेवर ठेवला, मान वाकडी केली आणि आजी आगाशीच्या बाजारात मासळी विकताना देते ते उत्तर जसंच्या तसं दिलं. त्यात बाईंच्या आईवडिलांचा आणि वरच्या सात पिढ्यांचा उद्धार होता. उच्चार स्वच्छ, आणि माइक चालू.

ते शब्द मी इथे लिहीत नाही. एवढंच सांगतो की सभागृहात टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती, आणि त्या शांततेत एकटी यमुना हसली. पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. केवढा अभिमान वाटला तिला, रक्त बोललं होतं. मग तिने डोळे पुसत सुनेकडे पाहिलं. ऋतिकाचा चेहरा पांढराफटक पडला होता, आणि यमुनाचा मुलगा जितेश स्वतःच्या बुटांकडे बघत होता.

ऋतिका भांडली असती तर यमुनाला बरं वाटलं असतं. भांडणात तिला कुणी हरवलेलं नव्हतं. पण ती घाटावरची मुलगी, आवाज चढवणं तिच्या स्वभावातच नव्हतं. दुसऱ्या दिवशी अर्नाळ्याला आली, चहा घेतला, कप विसळून ठेवला आणि मग बोलली.

"आई, मला राग नाही आलाय. ती तुमच्याजवळ असते, तुमच्यासारखीच बोलणार. पण मला तिला शाळेत पाठवायचंय. आता शाळा सुटल्यावर ती आमच्या बिल्डिंगमधल्या पाळणाघरात राहील. मे महिन्याच्या सुट्टीचं काय ते मग बघू."

मग बघू. दोनच शब्द, पण त्यांत यमुनाचा अख्खा मे महिना होता. मे महिना म्हणजे उन्नती, वाळूत खेळून काळी झालेली, हातात सुकवलेल्या कोलंबीची, सोड्यांची मूठ आणि रात्री आजीच्या पोटावर पाय. तो महिना गेला तर पुढे सगळंच जाणार हे तिला कळत होतं. सुनेला तिने दारापर्यंत सोडलं. सून गेल्यावर मात्र तिने दाराशी आलेल्या कुत्र्याला, त्याच्या मालकाला आणि मालकाच्या बापाला मनसोक्त शिव्या हाणल्या. शिव्या संपल्यावर तिला कळलं की आपण काय केलं. ओटीवर जाळं विणत बसलेल्या दिनानाथने मान वर केली आणि पुन्हा खाली घातली. दिनानाथ तिचा नवरा. तो कमी बोलतो असं लोक म्हणतात, पण खरं म्हणजे त्या घरात त्याला बोलायला जागाच उरत नसे.

यमुना जन्मतःच अशी नव्हती. नवी नवरी म्हणून आगाशीच्या बाजारात पहिल्यांदा बसली तेव्हा मान वर करून बघायची तिची टाप नव्हती. कोपऱ्यातली जागा मिळालेली. गिऱ्हाईक मासे उलटेपालटे करी, चार दाबून मऊ करी, मनाला येईल तो भाव फेकून निघून जाई. एकदा एका गृहस्थाने रावसाची तुकडी पिशवीत टाकली आणि चालू लागला. तिला काय झालं कोण जाणे, शेजारणीच्या तोंडची ऐकलेली एक शिवी तिच्या तोंडून सुटली. गृहस्थ जागच्या जागी थिजला, वळला, हिशेब चुकता करून गेला. त्या दिवशी यमुनाला जे हत्यार सापडलं ते तिने कधी खाली ठेवलं नाही. पुढे पुढे तर लोक मुद्दाम घासाघीस करत, दोन शिव्या खाल्ल्याशिवाय मासळी गोड लागत नाही म्हणत. आणि अशी माणसं भोवती असली की वाईट सवयीला खतपाणी घालायला दुसरं कुणी लागत नाही.

ते हत्यार आता तिला खाली ठेवायचं होतं, आणि कसं ठेवतात हे ठाऊक नव्हतं. तिने शेजारच्या पाटावर बसणाऱ्या रोझलीनला विचारलं.

रोझलीन पाचूबंदरची, लग्न होऊन अर्नाळ्यात आलेली. देवभोळी बाई. तोंडातून वावगा शब्द नाही, पण त्याच तोंडात अष्टौप्रहर मशेरी. कमरेला डबी, बोट काळं, हिरड्या काळ्या. त्या दिवशी राखेचा बुधवार होता. सकाळी चर्चमध्ये जाऊन आलेली, कपाळावर राखेचा क्रूस घेऊनच ती बसली होती. यमुनाचं गाऱ्हाणं ऐकून ती म्हणाली, आजपासून उपासाचा काळ चालू झाला, ईस्टरपर्यंत मी मशेरी सोडते, दरवर्षीच सोडते. तू शिव्या सोड. दोघी एकमेकींवर नजर ठेवू.

"मी कुठं ख्रिस्ती हाय गो?" यमुना म्हणाली.

"शिव्या तरी कुठं हिंदू हायेत?" रोझलीन म्हणाली.

झालं, ठरलं. बाजारात बातमी फुटायला कितीसा वेळ. केळीवाला चंद्रहास तर म्हणाला, जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, यमुनाबाईंचं हे संध्याकाळपर्यंतही टिकणार नाही. यमुनाने त्याला उत्तर द्यायला तोंड उघडलं, रोझलीनने तिच्या मांडीला चिमटा काढला, आणि यमुनाच्या तोंडून भलतंच बाहेर पडलं.

"अरे शिंगाल्या!"

सगळा बाजार हसला. यमुनाही हसली, कारण तिला वाट सापडली होती. शिवी नको ना? मग मासळी घ्या. त्या दिवसापासून तिने समुद्र उपसून काढला. कुणी बोंबील झाला, कुणी वाकटी, कुणी सडका निवटा. ज्याने पापलेट दाबून बघितलं तो ढोम्याचा जावई. गिऱ्हाइकं खूश, रोझलीन खूश, यमुना तर हवेतच. आपण एवढं अवघड काम इतक्या सहज केलं याचं तिला इतकं कौतुक वाटलं की तिने रविवारी जितेशला व्हिडिओ कॉल लावून ही बातमी सुनेच्या कानावर घालायला सांगितली.

ऋतिकाने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "हो आई, कळलंय मला. मागच्या रविवारी फोनवर उन्नतीनेही ऐकलं. काल तिने पाळणाघरातल्या मावशींना वाकटी म्हटलं. आणि ते नुसतं म्हटलं नाही, कमरेवर हात ठेवून म्हटलं. मावशी रडल्या."

सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तो असा. शब्द बदलला होता, पण कमरेवरचा हात तोच आणि जिभेला लागणारी चवही तीच. यमुना फोन ठेवून ओटीवर गेली. मग तिने दिनानाथला विचारलं, काय करू. आता या माणसाला सल्ला विचारायची लग्नापासूनची ही पहिलीच वेळ. त्याने सुई जाळ्यात खोचली, विचार केला, आणि म्हणाला की भरल्या तोंडानं कुनाला बोलता येत नाय.

दुसऱ्या दिवसापासून यमुनाच्या पाटाशी पाण्याची बाटली आली. ओठांवर शिवी आली की घोट घ्यायचा, गिळायचा नाही, तोंडात धरून बसायचं. शिवी मागे जाईपर्यंत. काय तो तमाशा! शुक्रवारी आगाशीत मासळीला झुंबड, उपासाच्या शुक्रवारी ख्रिस्ती घरांत मटण वर्ज्य, आणि त्या झुंबडीत यमुना गाल फुगवून बसलेली. भाव बोटांनी सांगायचा, नकार मानेने द्यायचा. लोकांना वाटलं दाढ दुखते. एका आजीबाईंनी लवंग आणून दिली. रोझलीनचे हाल वेगळे. तिचं काळं बोट सवयीने डबीकडे जाई, डबी घरी असे, मग ती बडीशेप चघळत चघळत सगळ्यांवर खेकसे. दोघींचं एकमेकींकडे लक्ष गेलं की हसू फुटे, आणि यमुनाच्या तोंडातलं पाणी पापलेटांवर.

पण जमू लागलं. खरंच जमू लागलं. शिवी येते ती लाटेसारखी, अंगावर धावून येते आणि थोडं थांबलं की फुटून परत जाते, हे यमुनाला तिच्या वयात पहिल्यांदाच कळत होतं. इतकी वर्षं तिला वाटत होतं की येणारी प्रत्येक शिवी बाहेर सोडलीच पाहिजे, नाहीतर आपण फुटू. ती फुटली नाही. गिऱ्हाईक पळालं नाही, कुणी तुकडी उचलून चालता झाला नाही. ताठ बसून, नजर रोखून, तोंडात पाणी धरलेल्या बाईशी घासाघीस करणं उलट लोकांना जड जात होतं. तिला इतका आनंद झाला की एकदा घरी जाताना रिक्षात ती उगाचच मोठ्याने गाणं म्हणत होती.

आणि मग ईस्टर आला.

सणानंतरच्या सोमवारी रोझलीन बाजारात आली ती नव्या साडीत, कमरेला डबी लटकावून. बसली, डबी उघडली, डोळे मिटून बोट हिरड्यांवर फिरवलं आणि असा काही सुस्कारा सोडला की शेजारच्या कोंबडीवाल्यानेही वळून पाहिलं. यमुना बघतच राहिली. तिने विचारलं, हे काय, तू तर सोडली होतीस. रोझलीन म्हणाली की ईस्टरपर्यंत सोडली होती, ईस्टर झाला, माझा उपास संपला. मग सहज म्हणून तिने विचारलं, "तुझा कधी संपनार?"

तिच्या उपासाच्या पलीकडच्या टोकाला कुठलाच सण नव्हता. हे सोडायचं ते कायमचंच, हा विचार आजवर तिच्या मनाला शिवलाच नव्हता, आणि तो आता येऊन समोर बसला. नेमक्या त्याच वेळी एका बोक्याने तिचा बांगडा पळवला. बाटलीकडे हातसुद्धा गेला नाही. तिने त्या बोक्याला जी लाखोली वाहिली ती बाजाराच्या दुसऱ्या टोकापर्यंत गेली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. चंद्रहास केळी सोडून धावत आला आणि म्हणाला, आली, आपली यमुनाबाई परत आली.

खोटं कशाला बोला, तिला फार बरं वाटलं. अंग हलकं झालं, पंख फुटल्यासारखं. ते सुख दुपारपर्यंत टिकलं. दुपारी टोपली उपडी करून धुताना तिला उन्नतीची थर्माकोलची पापलेटं आठवली आणि ती भर बाजारात रडली. रोझलीन जवळ सरकून बसली. घरी गेल्यावर यमुनाने बाटली घासून भरून ठेवली. या वेळी कधीपर्यंत हे तिने कुणालाच सांगितलं नाही, स्वतःलाही नाही. उद्या सकाळी बाजारात बसायचं आहे, तेवढं बघायचं, असं तिने ठरवलं.

मे उजाडला. पहिल्याच रविवारी सकाळी बाजार ऐन भरात असताना ऋतिका स्कूटीवरून आली. पुढे उन्नती उभी. ऋतिकाने सांगितलं की सहज आलो, उन्नतीला आजीची आठवण येत होती, थोडा वेळ बसून जाऊ. पण आपली परीक्षा आहे हे न कळण्याइतकी यमुना भोळी नव्हती. तिने नातीला मांडीवर घेतलं, वास घेतला, लगेच खाली ठेवलं, आणि पाठ सरळ करून बसली. ऋतिका मागे उपड्या क्रेटवर टेकली.

पहिली गिऱ्हाइकं सुखरूप गेली. एक बाई तर कोलंबी सोलून मागत होती आणि वर भाव पाडत होती, तिलाही यमुनाने एका घोटात निभावलं. उन्नती कौतुकाने आजीचे फुगलेले गाल बघत होती. रोझलीनने डोळ्यांनीच शाबासकी दिली. आणि तेवढ्यात सोडा-लेमनच्या बाटल्यांचा टेम्पो मागे येऊ लागला.

टेम्पोवर दीपेश नावाचा पोरगा होता, तुळिंजचा, कामावर नवा. कानाला फोन, नजर आरसा सोडून सगळीकडे. लोक ओरडले तोवर टेम्पोचं मागचं फळकूट यमुनाच्या फळीला भिडलं होतं. फळी उलटली. पहाटे किनाऱ्यावरच्या लिलावात भांडून मिळवलेली पापलेटं, ताजी, चांदीसारखी, एकामागून एक गटारात घरंगळली.

अख्खा बाजार थांबला. सगळ्यांनी यमुनाकडे तोंडं फिरवली. दोघातिघांनी मोबाइल वर धरले. चंद्रहास केळ्यांच्या गाडीवर चढून उभा राहिला. अशी संधी जन्मात एकदा येते हे आगाशीला कळत होतं.

यमुना उठली. शिवी तिच्या पोटातून निघाली होती. नुसती शिवी नव्हती ती, आजवर गिळलेल्या सगळ्या एकत्र होऊन येत होत्या, छातीत, गळ्यात, जिभेच्या मुळाशी. तिने बाटलीसाठी हात मागे नेला. बाटली नव्हती. ती घरंगळत टेम्पोच्या चाकाखाली गेली होती. हात आपोआप कमरेवर गेला, तोंड उघडलं.

आणि तिची नजर उन्नतीवर पडली.

पोर घाबरलेली नव्हती. डोळे चमकत होते, तिचाही हात कमरेवर होता आणि ओठ हलत होते. आजी विसरली तर आठवण करून द्यावी, तसा पहिला शब्द तिने ओठांवर तयार ठेवला होता.

यमुनाने तोंड मिटलं. पाणी नव्हतं, काहीच नव्हतं, नुसते दात दातांवर दाबून धरले. आणि ती शिवी, तिच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी शिवी, हळूहळू खाली उतरू लागली. तिने कमरेवरचा हात काढला.

आणि मग त्या शांततेत जो आवाज फुटला तो रोझलीनचा होता.

रोज चर्चमध्ये जाणारी, वावगा शब्द न काढणारी रोझलीन ताडकन उभी राहिली आणि दीपेशच्या खानदानावर तुटून पडली. शब्द न् शब्द यमुनाचा, चालही तिचीच. इतकी वर्षं शेजारी बसून तिचं सगळं तोंडपाठ झालं होतं. मैत्रिणीचा तो बंद जबडा तिला बघवलाच नाही. तिसऱ्या पिढीपर्यंत पोचली असेल नसेल, यमुनाने झेप घेऊन आपला मासळीचा ओला पंजा तिच्या तोंडावर दाबला.

"गप, रोझे. पोर आयकते."

आधी ऋतिका हसली. तोंडावर ओढणी दाबून, क्रेटवर पुढे मागे डोलत, त्या दिवशी सभागृहात सासू हसली होती तशीच हसली. मग सगळा बाजार हसला. दीपेश खाली उतरून हात जोडून उभा होता, त्याला यमुनाने फक्त मासे उचलायला लावले. गटारातला मासा ती विकणार नव्हती, पण उचलायचा तर होता. उन्नती त्याच्या मागे मागे फिरून कुठला राहिला ते दाखवत होती.

ऋतिका स्कूटीकडे गेली. सीटखालून तिने एक गुलाबी बॅग काढली आणि यमुनाच्या पाटाशेजारी आणून ठेवली.

"आई, हिचे कपडे. टूथब्रश पुढच्या कप्प्यात आहे," ती म्हणाली. "रोज रात्री घासायला लावा, टाळते ती."

यमुना नुसती मान हलवत राहिली. तोंडात पाणी नसतानाही तिला बोलता येईना.

बाजार उठल्यावर दोघी मैत्रिणी टोपल्या धुवत बसल्या. उन्नती बॅगेला टेकून केळं खात होती, चंद्रहासने फुकट दिलेलं. रोझलीनने कमरेची डबी सोडली, नळाखाली धरली, मशेरी वाहून जाईपर्यंत धरली आणि रिकामी डबी उन्नतीला शिंपले ठेवायला देऊन टाकली. ईस्टर होऊन गेलाय गो, यमुनाने आठवण करून दिली. माहीत हाय, रोझलीन म्हणाली. पण तिची खरी काळजी वेगळीच होती.

"शनिवारी कुमसाराला जायाचं हाय, पापं सांगायला. फादरला सांगू तरी काय? माझ्या तोंडात तसले शब्द आले कुठून?"

यमुनाने टोपली झटकली आणि उलटी करून उन्हात ठेवली.

"खरं ते सांग," ती म्हणाली. "शिवी यमुनाची होती म्हनावं. तिनं टाकून दिली, मी उचलली."